गोगलगायीच्या पोटातले पाय कोण हलवतं?

२०२२च्या जुलैत औशाकडच्या मामांच्या शेतात सोयाबीन नुकतंच दोन पानांवर आलं होतं. रोज सकाळी पाहावं तर आणखी एक ओळ साफ झालेली. "रातच्यानं खायलेत, दिवसा एक बी दिसंना," मामा म्हणाले. त्या खरिपात लातूर, धाराशिव, बीडकडच्या कितीतरी शेतकऱ्यांवर शंखी गोगलगायींमुळे दुबार पेरणीची वेळ आली.

रात्री बॅटरी घेऊन बांधावर गेलो आणि हातमोजे घालून एक गोगलगाय काचेच्या बरणीत टाकली. (मोजे घालाच, या गोगलगायींमध्ये माणसाला घातक परजीवी असू शकतात.) ती काचेवर चढली तेव्हा बाहेरून तिचा तळवा दिसला. शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक बारीक लाटा सरकत होत्या. 'गोगलगाय अन् पोटात पाय' आपण लबाड माणसाला म्हणतो, पण ते अक्षरशः खरं आहे. तिचं पोट हाच तिचा पाय.

चेतापेशी निरोप पोचवायला जी रसायनं वापरतात, त्यातल्या सेरोटोनिनचं या पायाशी जवळचं नातं आहे. हेलिक्स या जमिनीवरच्या गोगलगायींत सेरोटोनिनमुळे तळवा लांबतो आणि सरपटण्याचा वेग वाढतो. खाण्याचंही तसंच. गोगलगायींच्या मेंदूत सेरोटोनिन सोडणाऱ्या मोठ्या चेतापेशींची एक जोडी असते. त्या पेशी स्वतः घास घ्यायला लावत नाहीत. घास घेणं सुरू असलं की ते अधिक जोरकस आणि भरभर होतं, इतकंच. चूल आधीच पेटलेली असावी आणि कुणीतरी लाकूड आत सारावं, तसं.

मला या रसायनाबद्दल हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सेरोटोनिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे आणि ती दिशाभूल करते. भुकेल्या जळूच्या चेतासंस्थेत सेरोटोनिन भरपूर असतं, रक्त पिऊन टम्म झाली की ते घटतं. पोट भरलेल्या जळूला सेरोटोनिनच्या पाण्यात ठेवलं तर ती पुन्हा चावू लागते. माणसात उलट, मेंदूतलं सेरोटोनिन भूक कमी करतं. रेणू तोच, पण तो कोणत्या पेशीवर, तिच्यावरच्या कोणत्या ग्राहीवर (रसायन पकडणाऱ्या जागेवर) जाऊन बसतो त्यावर सगळं ठरतं. शिवाय आपल्या शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. १९३०च्या दशकात इटलीचे शास्त्रज्ञ व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ते सापडलं तेही पचनमार्गाच्या आतल्या आवरणातच. रक्तातून ते वेगळं काढून 'सेरोटोनिन' हे नाव मिळालं १९४८मध्ये.

लहानपणी आपण गोगलगायीच्या शिंगाला काडी लावायचो. ती शिंग आत ओढायची. हळूच पुन्हा पुन्हा लावत राहिलं की पुढेपुढे कमी ओढायची. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी असाच खेळ गोगलगायीच्या समुद्री नातलगाशी, अप्लिझियाशी, फार काटेकोरपणे खेळला. तिच्या चेतासंस्थेत जेमतेम २०,००० पेशी आहेत आणि त्यातल्या काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेपटीला विजेचा झटका दिला की ती साध्या स्पर्शानेही कल्ला जोरात आत ओढू लागते. झटक्यानंतर स्पर्शाची वार्ता नेणाऱ्या पेशींवर सेरोटोनिन सोडलं जातं आणि पुढच्या पेशीपर्यंत जाणारा संदेश बळकट होतो. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या तिच्या पेशींना सेरोटोनिनचा एकच डोस दिला तर परिणाम काही मिनिटं टिकतो. थांबून थांबून पाच डोस दिले तर दिवसाहून अधिक टिकतो, कारण पेशींमध्ये नवे जोड उगवतात. आठवण म्हणजे पेशीत घडणारा खराखुरा बदल, हे दाखवल्याबद्दल कँडेल यांना २०००मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, आणि ते अन्नातल्या प्रथिनांतून मिळतं. म्हणजे मामांच्या कोवळ्या सोयाबीनमधूनही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात जागोजागी टाकली. आदल्या रात्री मात्र मी बरणीत सोयाबीनचं एक पान टाकलं होतं. गोगलगाय थांबली, शिंगं पुढे काढून तिने पान चाचपलं आणि मग तोंड लावलं. बरणीला कान लावला तर तिच्या दातेरी जिभेची बारीक खरखर ऐकू येत होती, आधी संथ, मग भरभर.