जुनी गाडी घेताय? आधी कार्पेट उचलून बघा

नमस्कार मंडळी,

आमच्या सांगलीच्या गॅरेजात आठवड्याला एक तरी पाहुणा येतोच, म्हणतो "मालक, गाडी घेतली, जरा बघा की कशी आहे". अहो घेतल्यावर काय बघायचं, पैसे देऊन मोकळे झालात की! म्हणून हा कागद छापलाय, गाडी बघायला जाताना खिशात ठेवा.

पैशाचं आधी

हातात दोन लाख असतील तर दोन लाखाची गाडी बघायची नाही. पावणेदोनच्या आतच थांबायचं, कारण दहा-बारा वर्षं जुनी गाडी घरी आली की ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक, बॅटरी, कधी टायर, काही ना काही निघतंच, आणि ते पहिल्याच महिन्यात निघतं. टायर नवे दिसले तरी बाजूचा चार आकडी नंबर वाचा, 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

मॉडेल म्हणाल तर वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, सॅन्ट्रो, आय टेन असलं काहीतरी घ्या, पार्ट इथंच मिळतो आणि कुठल्याही मिस्त्रीला काम जमतं. एक लक्षात ठेवा, सॅन्ट्रो, 800 सीसीची अल्टो, जुनी 1.1 वाली वॅगन आर असल्या गाड्यांना टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे इंजिनचे वॉल्व वेळेवर उघडझाप करणारा रबरी पट्टा. मालक "बदललाय हो" म्हणेल, पण बिल दाखवत नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून कापून मागायचा. चालत्या गाडीत तुटला तर वॉल्व वाकू शकतात, मग इंजिनचं हेड उतरवावं लागतं. 2010 पासूनच्या के सिरीज इंजिनच्या वॅगन आरला पट्ट्याऐवजी चेन आहे, तिथं ही भानगड नाही. डिझेलच्या ॲव्हरेजला भुलू नका, रोजचं रनिंग विश्रामबाग ते मार्केट यार्ड एवढंच असेल तर इंजेक्टर नाहीतर टर्बोचं एकच काम वाचवलेलं सगळं खाऊन टाकतं.

आता मुद्द्याचं, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी

सांगलीत राहून हे सांगायला नको, पण लोक गाडी बघताना नेमकं हेच विसरतात. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, जुलै 2021 ला परत पूर आला, गावभाग, मारुती चौक, दत्तनगर सगळीकडं पाणी, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या काय हवेत विरल्या नाहीत. धुतल्या, पॉलिश मारलं, सीट कव्हर नवं टाकलं आणि विकल्या, त्यातल्या काही आज तिसऱ्या-चौथ्या हातात फिरतायत. नंबर एमएच 10 चाच असेल असंही नाही, त्या पुरात कोल्हापूर आणि चिपळूणकडच्या गाड्याही बुडाल्या होत्या.

ओळखायचं कसं, तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा रोज वापरात असतो म्हणून स्वच्छ असतो, पण आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. मग कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट बघा, स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवा. बोटाला बारीक चिकणमाती लागली की समजून जा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, वायरच्या सॉकेटात हिरवट गंज दिसला तर हात जोडून निघा. परफ्युमचा वास जरा जास्तच येतोय? आम्हाला तर तिथंच शंका येते.

असली गाडी पहिले चार-सहा महिने गुपचूप चालतेही, मग एक दिवस काच खाली होत नाही, नंतर मीटरवर लाइट लागतो, मग भर रस्त्यात बंद पडते. एका ग्राहकानं दसऱ्याला बाहेरून अशी गाडी आणली, गुढीपाडव्यापर्यंत आम्ही तिची अर्धी वायरिंग बदलली होती. बिल आम्हालाच मिळालं हे खरं, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. स्वस्त मिळते म्हणून घेऊ का असं कोणी विचारलं तर आम्ही नकोच म्हणतो.

इंजिन

बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर मालकानं आधीच स्टार्ट करून ठेवलीय. थंड गाडीच मारायला लावा. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात असू शकतं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण जपून उघडा, भकाभका धूर मारला तर पिस्टन-रिंगचं काम आलंय. किलोमीटरवर जाऊ नका, आकडा मागं घेता येतो, पण क्लच पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झिजलेली कडा मागं घेता येत नाही. जमलं तर दंडोबाच्या चढाला घेऊन जा, क्लच सरकतोय का ते तिथं कळतं.

कागदपत्रं

विसार द्यायच्या आधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद बघा. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2011 ची गाडी 2026 ला संपली, मग पासिंग आणि पर्यावरण कर आलाच, आणि पुनर्नोंदणीची फी 2022 पासून 600 वरून 5,000 झालीय. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या, ई चलन भरलेली, एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावलीय का, आणि सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट. कर्नाटक नाहीतर दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथली एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशोब मांडा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करा, नाहीतर ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, कोणी काही सांगू दे.

बघायची गाडी सकाळी नऊच्या आत आमच्याकडं आणा, शक्यतो थोडं अंतर ढकलत किंवा टो करून, म्हणजे इंजिन थंड राहील. तेवढं जमत नसेल तर आम्हीच मालकाच्या दारात येतो, फी आधी सांगतो, आणि तुम्ही गाडी घेतली नाहीत तरी ती द्यायची असते. सोमवारी बंद.