'लय भारी हाय' असं म्हटलं म्हणजे नक्की काय कळलं?

आपल्या तासगाव-मिरज बाजूला मोबाईल स्टार्टर आता कुणाला नवीन राहिला नाही. मोटरीच्या पेटीत सिमकार्डवाला एक डबा, घरून फोन लावला की विहिरीवरची मोटर चालू, आणि लाईट गेली-आली की डबाच उलटा फोन करतो. वापरणारा त्याला कॉम्प्युटर म्हणत नाही, स्टार्टर म्हणतो, आणि युबिक्विटस कॉम्प्युटिंग म्हणतात ते बरंचसं हेच, की कॉम्प्युटर नजरेआड जातो आणि काम तेवढं उरतं. हा शब्द अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात मार्क वायझरनं १९८८ च्या सुमारास काढला, पुढं १९९१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्याचा लेख आला आणि त्यात इंचाएवढे टॅब, फुटाएवढे पॅड, यार्डाएवढे बोर्ड असे तीन मापांचे कॉम्प्युटर होते. आज वाचताना गंमत वाटते कारण तिन्ही मापं आपल्या घरात येऊन बसलीत.

आता प्रश्न असा की असल्या वस्तूची चाचणी घ्यायची कशी? तोवरची पद्धत सोपी होती, माणसाला लॅबमध्ये खुर्चीत बसवायचं, एक काम द्यायचं, घड्याळ लावायचं, चुका मोजायच्या. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला हे चालतं. पण रात्री अडीचला लाईट येते, बांधावर चिखल असतो, एका हातात बॅटरी आणि फोन नेमका पोराकडं, हे सगळं लॅबमध्ये आणणार कुठनं?

याचं बीज वायझरच्या आधीच त्याच पार्कमध्ये पडलं होतं. ल्युसी सचमन ही मानववंशशास्त्राची बाई, म्हणजे इंजिनियर नव्हेच, तिनं लोक झेरॉक्सचं मशीन कसं वापरतात याचे व्हिडिओ घेतले. कॉम्प्युटरमधली नावाजलेली माणसं दोन्ही बाजूंनी कॉपी काढताना मशीनपुढं डोकं खाजवत उभी, असं त्यात दिसतं. मशीन बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं की माणूस आधी प्लॅन करतो मग वागतो, आणि माणूस तर समोर जे दिसेल तसं वागत जातो, हे तिनं १९८७ च्या पुस्तकात मांडलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या फील्ड अभ्यासाचं, म्हणजे वस्तू जिथं वापरतात तिथंच जाऊन बघण्याचं मूळ इथंच आहे, पण नाव मात्र वायझरचंच घेतात.

मग हळूहळू चाचणीची हत्यारं जमत गेली. काही तर शेजारच्या घरातनं, म्हणजे दुसऱ्या शास्त्रातनं उचललेली. शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहाय वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लोकांकडं पेजर दिले, दिवसात कधीही वाजायचा आणि वाजला की आत्ता काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं, त्याला एक्सपिरियन्स सॅम्पलिंग म्हणतात. यात फायदा असा की माणसाला आठवून सांगावं लागत नाही, कारण आठवून सांगताना आपण सगळेच थोडं बरं सांगतो. दुसरी युक्ती विझर्ड ऑफ ऑझ नावाची, मशीन अजून बनलेलंच नसतं आणि पडद्यामागं माणूस बसून ते चालवतो. आयबीएममध्ये १९८० च्या दशकात बोललेलं ऐकून टाईप करणारं मशीन असंच तपासलं, बोलणाऱ्याला वाटायचं मशीन ऐकतंय, प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत टायपिस्ट. थोडी फसवाफसवी आहे, पण सहा महिने कोड लिहून मग कळण्यापेक्षा स्वस्त.

केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी लॅबमध्ये १९९० च्या आसपास रॉय वाँट, अँडी हॉपर या मंडळींनी ॲक्टिव्ह बॅज केला, अंगावर लावायचा, दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड सिग्नल द्यायचा, म्हणजे कोण कुठल्या खोलीत ते कळायचं आणि फोन तिकडं वळवता यायचा. आपल्यावर नजर ठेवतायत का, हा प्रश्न तेव्हाच पुढं आला, आणि असले प्रश्न वापरून बघितल्याशिवाय सुचत नाहीत. १९९९ मध्ये बिल गेव्हर आणि सोबत्यांनी कल्चरल प्रोब्स आणले, ओस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतल्या पेचोली इथल्या म्हाताऱ्या माणसांना पोस्टकार्ड, नकाशे, वापरून टाकायचे कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमच्या पद्धतीनं भरा. आकडे नाहीत, टक्केवारी नाही, म्हणून काही लोकांना हे अभ्यासासारखं वाटतच नाही, मला मात्र आवडतं.

चाचणी लॅबमध्ये घ्यायची का बाहेर जाऊन, याचं खरं भांडण २००४ ला पेटलं. डेन्मार्कमध्ये येस्पर क्येल्सकॉव्ह आणि सहकाऱ्यांनी नर्सच्या मोबाईल सिस्टीमची चाचणी लॅबमध्ये खोटा वॉर्ड उभा करूनही घेतली आणि खऱ्या हॉस्पिटलातही, आणि निघालं असं की बाहेर जाऊन फार काही जास्तीचं हाती लागत नाही, मग एवढा उपद्व्याप कशाला? २००७ मध्ये इव्हॉन रॉजर्स आणि टीमनं बाहेर उघड्यावर निसर्गाच्या नोंदी घ्यायच्या उपकरणाचा अभ्यास मांडून उत्तर दिलं की उपद्व्याप करायलाच पाहिजे. माझं मत रॉजर्सच्या बाजूनं, पण डेन्मार्कवाल्यांचं एक बरोबर आहे, नुसत्या बटणांच्या चुकाच शोधायच्या असतील तर शेतात जायची गरज नाही.

आणि शेतात गेलं म्हणजे खरं कळतंच असंही नाही. बेंगळुरूत ४५० लोकांवर एक अभ्यास झाला, २०१२ ला आला, निकोला डेल आणि सहकाऱ्यांचा. दोन अगदी सारख्या गोष्टी दाखवल्या आणि एक विचारणाऱ्यानं स्वतः बनवलीय असं भासवलं, तर लोक तीच निवडण्याची शक्यता अडीच पट, आणि विचारणारा परदेशी व सोबत दुभाष्या असेल तर पाच पट.

हे वाचलं तेव्हा मला आमची द्राक्षबाग आठवली. तिथं आम्हीच बनवलेला ओलाव्याचा सेन्सर लावला होता, माती कोरडी झाली की फोनवर अलार्म. पंधरा दिवसांनी गेलो तर बाग बघणारे अण्णा म्हणाले, "सर, लय भारी हाय." चहा झाला, फोटो झाला, आम्ही खूश. नंतर माझा भाचा सहज तिकडं गेला, त्यानं आधीच सांगितलं की हे मी बनवलं नाही, मला यातलं काही कळत पण नाही. तर अण्णांनी बागेतली माती मुठीत दाबून त्याला दाखवली, गोळा होतोय म्हणजे अजून ओल आहे, आणि मग म्हणाले, "ते दोनला बोंबलतंय रं, लाईट येती चारला, मी उठून काय करू?"