फडाच्या पंचांपासून प्रशासकापर्यंत : खान्देशात पुढारी निवडण्याची पार्श्वभूमी

जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. एक नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, दुसरं नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. दोन्हीकडे सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या तक्रारी होत्या. उमराण्यात बोली 2 कोटी 5 लाखांवर गेली, खोंडामळीत 42 लाखांवर, आणि पैसा गावच्या देवळाला लागणार असं सांगितलं गेलं. शहरी मंडळींनी नाकं मुरडली. कायद्याने हा प्रकार चूक, यात वाद नाही. पण गावाचा हिशेब काय असावा ते कळायला फार डोकं लागत नाही. निवडून आलेला माणूस पाच वर्षांत काय करील याचा भरवसा नाही, मग जे पदरात पडायचं ते आधीच, रोख आणि चारचौघांसमोर पाडून घ्या.

हा भरवसा कधी उडाला हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं. कारण याच मुलखात कारभारी नेमायची एक पक्की रीत होती, आणि ती पाण्याभोवती उभी होती.

साक्रीकडून धुळ्याकडे येणारी पांझरा, बागलाणातल्या मोसम आणि आरम या नद्यांवर काही शतकं फड पद्धत चालली. नदीत ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, साधारणपणे चार. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या वर्षी पालट. शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असत. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं, तर त्याची झळ थोडी थोडी सगळ्यांच्या घरात पोचे. हे ठरवायचे पंच. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पाटकऱ्याने एकाच्या वाफ्यात जास्त पाणी सोडलं तर ते लपून राहत नसे, कारण पुढचा माणूस बांधावर खोळंबून उभाच असे. पंचांची शेतंही त्याच पाटावर होती. त्यांनी पाट दुरुस्त केला नाही तर त्यांचाच ऊस वाळे.

याला रामराज्य म्हणू नये. ज्याची जमीन नाही त्याला या सगळ्यात आवाज नव्हता. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आखाजी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) राबायचा, पण पाण्याच्या बैठकीत त्याला कोण विचारणार? बाया तर हिशेबातच नव्हत्या. तरीही एक गोष्ट त्या पद्धतीत होती जी नंतर हरवत गेली : ज्याला निवडलं त्याच्या हाती नेमकं काय आहे हे निवडणाऱ्याला ठाऊक होतं, आणि काम बिघडलं तर निवडलेल्याचंही नुकसान होत होतं.

1818 नंतर कंपनी सरकार आलं आणि जमिनीचे निर्णय कलेक्टरच्या कचेरीत गेले. 1852 मध्ये नव्या महसुली मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात रयत उठली, तेव्हा सरकारने फौज आणली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली, आणि भाव पडल्यावर मागे राहिलं ते कर्ज. सावकारीला आळा घालणारा 1879 चा दख्खन कृषक कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांना लागू झाला. खान्देश बाहेर राहिला. खान्देशाकडे दुर्लक्ष होतं ही तक्रार किती जुनी आहे ते यावरून कळावं.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी हजर, आणि इथली उभारणी धनाजी नाना चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खांद्यावर. या अधिवेशनाच्या आठवणी निघतात त्या तिथे उभारलेल्या टिळकनगरच्या. तिथे मंजूर झालेल्या शेती कार्यक्रमाची आठवण कमीच निघते. खंड आणि शेतसारा कमी करा, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना सूट द्या, शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा हलका करा, कालव्याच्या पाण्याचे दर उतरवा, शेतमजुराला पोट भरेल एवढी मजुरी द्या, गायरानं राखा. काही महिन्यांत प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. ती यादी आज कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात तारीख बदलून छापली तर कुणाला शंका येणार नाही. कर्ज, पाणी, मजुरी. जवळजवळ 90 वर्षं होत आली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटायला हवं होतं, आणि थोडं पालटलंही. 1961 च्या कायद्यानुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते जिल्ह्याच्या हाती आले. त्याच वर्षी जळगावातून प्रतिभा पाटील विधानसभेत गेल्या, पुढे 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या. पण मोठं पाणी जिल्हा परिषदेकडे आलं नाही. गिरणा धरण, हतनूर, पांझरा खोऱ्यात लाटीपाडा आणि मालनगाव ही सगळी कामं पाटबंधारे खात्याची. विहिरी वाढल्या, नदीचा प्रवाह आटला, फड मोडत गेले. काही बंधारे अजून तग धरून आहेत, पण पंचाच्या जागी आता शाखा अभियंता आहे, आणि तो बदलीवर जातो.

मग पुढाऱ्याचं काम उरलं मुंबईहून काहीतरी आणण्याचं. जो आणतो तो भाऊ, दादा, आबा. खान्देशाला आजवर मुख्यमंत्रिपद मिळालं नाही, ही खंत धुळे, जळगावच्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येते. मला ती पटत नाही. मुख्यमंत्री दिलेल्या जिल्ह्यांतही टँकर फिरतात.

नंदुरबारचं उदाहरण बघा. लोकसभेत माणिकराव गावित तिथून सलग 9 वेळा निवडून गेले. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, खुद्द पंतप्रधान आले होते. आणि 2012 च्या राज्य मानव विकास अहवालात सगळ्यात खालचा क्रमांक नंदुरबारचाच. हा दोष एका खासदाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही. खासदाराच्या हाती धडगावचा दवाखाना नसतो. तोरणमाळ किंवा मोलगीच्या वरच्या पाड्यांवरून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावं लागतं, तेव्हा जाब कुणाला विचारायचा? हे कधी नीट ठरलंच नाही.

वेगळं काही घडलंच नाही असंही नाही. 1970 च्या सुमाराला याच शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल कार्यकर्ता उभा राहिला, 1972 मध्ये श्रमिक संघटना झाली, आणि हातून गेलेल्या जमिनी, मजुरीचे दर, दारूचे गुत्ते यांवर बाया-माणसं रस्त्यावर आली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांसोबत जंगल राखलं, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे नेता रोजच्या नजरेसमोरचा होता आणि प्रश्न हाताला लागणारा होता.

पंचायतींना घटनेत जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, 1996 मध्ये आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला, 2011 पासून स्त्रियांना निम्म्या जागा. कागदावर ग्रामसभा एवढी बळकट कधीच नव्हती. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षणाच्या वादात धुळे, नंदुरबारच्या जिल्हा परिषदांना ऑक्टोबर 2021 मध्ये पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. चांगला पुढारी कसा निवडावा यावर इतकी भाषणं होतात, पण निवडणूकच वेळेवर झाली नाही याचा राग खेड्यात फारसा दिसला नाही. ‘आपले काय करनं शे?’ (आपल्याला काय करायचंय?) एवढ्यावर विषय संपतो, आणि अधिकाऱ्याकडून काम लवकर होतं असंही ऐकू येतं. कधी कधी ते खरंही असतं.

तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज बांधून झाले. पावसाळ्यानंतर दारं बंद केली की पाणी लांबवर तुंबतं, पुलावरून जाताना डोळे निवतात. पण काठावरच्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. पंप कुणी दुरुस्त करायचे, थकलेलं वीजबिल कुणी भरायचं, पाळी कुणी लावायची हे प्रश्न सहकारी संस्था, महामंडळ आणि आमदार यांच्यात फिरत राहिले. धरणाचा खर्च मंजूर करायला मंत्रालय होतं, उद्घाटनाला मंत्री होते, पाटकरी मात्र कुणी नेमला नाही.