‘गेल्या वर्षी आलंय, यंदा येणार नाही’

नौपाड्यातल्या शेजारणीच्या मुलीचा दहावीचा प्रश्नसंच परवा चाळला. भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयावर लाल पेनाने मोठी फुली. का गं? “काका, मागच्या वर्षी येऊन गेलं. ऑप्शनला टाकलं.”

ही समजूत आमच्याही वेळी होती. पण एकदा आलेला प्रश्न पुढच्या वर्षी वगळायचा, असा नियम मंडळाचा नाही. पेपर अभ्यासक्रमावरून निघतो आणि प्रमेयं मोजकीच. ती फिरून येणारच, कधी सरळ सिद्धता म्हणून, कधी उदाहरणात दडून.

उलट टोकाची मंडळीही आहेत: पाच वर्षांचे पेपर पाठ केले की झालं! आकडे बदलले की यांची गाडी अडते.

जुना पेपर खरा कामाचा आहे तो घड्याळासाठी. गणित भाग २ म्हणजे ४० गुण, दोन तास. तेवढ्याच वेळात, पुस्तक मिटून सोडवा, मग चुका कुठल्या धड्यातल्या ते बघा. आणि हो, दहावीचा अभ्यासक्रम २०१८-१९ मध्ये बदलला. थोरल्या भावंडांचे त्याआधीचे पेपर सरसकट वापरू नका.

फुलीवर तिने व्हाइटनर लावलाय. प्रमेय अजून बाकी आहे.