पीसी विंडोज ११ घेत नाही की विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही? आधी नीट ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबले. तेव्हापासून ठाण्यात ओळखीपाळखीचे लोक मला दोन तक्रारी एकत्र करून सांगतात. "पीसी विंडोज ११ घेत नाही" ही एक, आणि "खाली कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज असं येतंय" ही दुसरी. दुकानात गेलं की दोन्हींवर बहुतेक वेळा एकच उपाय निघतो : फॉरमॅट मारा, नवीन टाकून देतो. पैसे जातात आणि चार महिन्यांनी तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं.

पहिली अडचण मशीनच्या कुवतीची आहे, दुसरी वापरण्याच्या हक्काची, म्हणजे लायसन्सची. एमएच-०४ पासिंगच्या टेम्पोचं फिटनेस सर्टिफिकेट वेगळं आणि आरसी बुक वेगळं असतं, तसंच हे आहे. एक कागद दाखवून दुसऱ्याचं काम भागत नाही.

आधी कुवतीचं बघू. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तिथे आता सहसा कुणी अडत नाही. गाडी अडते ती प्रोसेसर, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या तिघांपाशी. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. म्हणजे आय-५ नंतरचा आकडा ८२५० असेल तर चालेल, ७२०० असेल तर नाही. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून सुरुवात होते, पण तिथे काही मॉडेल वगळलेली आहेत, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या यादीत आपला नेमका नंबर बघावा. पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट ॲप यातलं नेमकं काय कमी पडतंय ते सांगतं. दुकानात जायच्या आधी ते एकदा चालवाच.

कारण या तिघांपैकी दोन गोष्टी पुष्कळदा मशीनमध्ये असतात, फक्त बंद असतात. नौपाड्यातल्या एका क्लासच्या डेस्कटॉपचं असंच झालं. नवव्या पिढीचा आय-५, मशीन उत्तम, आणि त्यांना "टीपीएम नाही, नवीन पीसी घ्या" असं सांगण्यात आलं होतं. असेंबल केलेल्या अनेक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर टीपीएमची वेगळी चिप नसते, ते काम प्रोसेसरच्या फर्मवेअरमधूनच, म्हणजे हार्डवेअरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमधून होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने दिसतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू केलं. पुढे सिक्युअर बूट अडलं, कारण विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं होतं (एमबीआर ही डिस्कचे भाग नोंदवण्याची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी). विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या टूलने डेटा न उडवता डिस्क बदलली, बायोस यूईएफआय या मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीवर नेला आणि अपग्रेड सुरू झालं. नवीन पार्ट एकही लागला नाही. मात्र असं काही करण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमधले हे बदल केल्यावर मशीन ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडत नाही.

क्लासवाल्यांचं विंडोज १० आधीपासून ॲक्टिव्हेट होतं, त्यामुळे ११ फुकटात आणि ॲक्टिव्हेट होऊनच आलं. ते तसं नसतं, तर मशीन सगळ्या चाचण्या पास होऊनही कोपऱ्यातली ती ओळ तशीच राहिली असती.

आता हक्काचं. विंडोज ८ पासून ब्रँडेड लॅपटॉपची लायसन्स की (विंडोजचा सांकेतिक क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली असते. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं, ते मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. रॅम वाढवली, एसएसडी टाकली तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र विंडोजच्या लेखी ते मशीनच नवं. लायसन्स रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं, ओईएम (मशीनबरोबरच आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच संपतं. म्हणून बोर्ड बदलायच्या आधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या.

सर्वात जास्त फसवणूक सेकंडहँड लॅपटॉपमध्ये होते. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांमधून बाहेर पडलेले लॅपटॉप खरोखर चांगले असतात, मी स्वतः लोकांना तेच सुचवतो. पण कंपनीतलं विंडोज बहुधा व्हॉल्यूम लायसन्सवर, म्हणजे अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेल्या लायसन्सवर चालतं. त्यातल्या केएमएस पद्धतीत मशीनला कंपनीच्या सर्व्हरला अधूनमधून हजेरी द्यावी लागते. ती बंद झाली की ॲक्टिव्हेशन १८० दिवसांनी संपतं. विकताना सगळं हिरवं दिसतं, सहा महिन्यांनी ओळ उगवते आणि तोवर दुकानाची वॉरंटी संपलेली असते. घेतानाच रन (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडणारी खिडकी) उघडून एस-एल-एम-जी-आर, स्पेस, स्लॅश, डी-एल-आय (slmgr /dli) असं एका ओळीत टाइप करून बघा. चौकटीत व्हॉल्यूम दिसलं तर प्रश्न विचारा. अनेकदा त्याच लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये विंडोज प्रोची (होम आणि प्रो या विंडोजच्या दोन आवृत्त्या) स्वतःची की झोपलेली असते. विंडोज प्रो कोरं टाकून इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. होमच्या जागी प्रो किंवा प्रोच्या जागी होम टाकलं तर होत नाही, एवढं सांभाळा. लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणाऱ्या ॲक्टिव्हेटर नावाच्या फायलींना हात लावू नका. अँटिव्हायरस बंद करा म्हणणारी फाइल ज्या मशीनवर चालली, त्यावर मी तरी बँकेचा पासवर्ड टाकणार नाही.

निकड कशाची जास्त? माझ्या मते कुवतीची. ॲक्टिव्हेट नसलेल्या विंडोज ११ लाही सुरक्षेचे अपडेट येतात. अडतं ते वॉलपेपर, रंग असल्या गोष्टींपाशी, आणि अर्थातच ते नियमाला धरून नाही. उलट विंडोज १० रीतसर विकत घेतलेलं असलं, तरी घरगुती वापरासाठीच्या वाढीव अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, आणि त्यासाठीही नाव नोंदवावं लागतं.

दोन्ही अडचणी एकाच वस्तूत बघायच्या असतील तर लग्नपत्रिका आणि मंडळाची पावतीपुस्तकं करणाऱ्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे जा. तिथल्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं लायसन्स म्हणजे पीसीच्या मागे खोचलेला डोंगल, पेनड्राइव्हसारखी एक छोटी किल्ली. हक्क शंभर टक्के खरा, पैसे मोजून घेतलेला. पण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर ३२ बिटचा असेल तर तो तिथे चालतच नाही. सॉफ्टवेअर उघडतं आणि "डोंगल सापडला नाही" म्हणून बसतं. अशा वेळी लायसन्सवर संशय घेऊन ते पुन्हा विकत घेऊ नका, कंपनीकडे ६४ बिटचा ड्रायव्हर मागा. तो मिळत नसेल तर जुना पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त कंपोझिंगला ठेवा, आणि नव्या मशीनवर डोंगल चालताना स्वतः बघेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.