शेगडी पिवळी जळत असेल तर आधी हवा बघा

डिसेंबरात हरभऱ्याला घाटे धरायला लागले की आमच्याकडे जागल, म्हणजे रात्रीची राखण सुरू होते, नाहीतर रानडुकरं अन् रोही (नीलगायी) एका रात्रीत वावर साफ करतात. खोपडीबाहेर (वावरातल्या झोपडीबाहेर) चहासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर असतो, त्याच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला. मागच्या हिवाळ्यात पहिल्याच रात्री पेटवला तर ज्योत पिवळी, लांब, भुरभुर हलणारी, अन् चहाचा गंज, म्हणजे पातेलं, पाच मिनिटांत बुडाला काळाकुट्ट. शेजारच्या वावरातले काका म्हणाले, "गॅसच खराब हाय, सिलिंडर बदलून पाय." बदलला. ज्योत तशीच पिवळी. म्हणजे गॅसचा दोष नव्हता, अन् बहुतेक वेळा नसतोच, कमी पडते ती हवा.

एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला साधारण 24 लिटर हवा लागते, ब्यूटेनला तर 31 लिटर. ही सगळी हवा ज्योतीला बाहेरून वेळेत मिळत नाही, म्हणून जळायच्या आधीच गॅसमधे बरीचशी हवा मिसळून घ्यावी लागते. निपल म्हणजे बर्नरच्या नळीच्या तोंडाशी बसवलेली छोटी पितळी टोपी, तिच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो अन् जाता जाता बाजूच्या छिद्रांतून हवा आपल्यासोबत ओढून नेतो, त्याला पंखा नको की मोटर नको. जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेननं 1855 च्या सुमारास प्रयोगशाळेसाठी जो बर्नर करून घेतला तो याच तत्त्वावर चालतो, आपल्या स्वयंपाकघरातली शेगडी पण त्याच घराण्यातली.

हवा कमी पडली की गॅसमधला कार्बन पुरता जळत नाही, त्याचे बारीक कण तापून चमकतात, तोच पिवळा रंग, अन् तेच कण थंड गंजाला चिकटले की काजळी. काजळी घासली की निघते हो, पण त्याच अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला ना वास ना रंग, अन् थंडी म्हणून खोपडीचं दार लावून आत शेगडी पेटवली तर झोपेतच माणूस जाऊ शकतो. गॅसला आपल्याला येतो तो वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, मोनॉक्साइडला तो पण नाही. म्हणून पिवळी ज्योत खोपडीत नेऊ नका, कितीही हिव असो.

(घर झाडताना किंवा धूळ उडाली की ज्योतीत मधूनच नारिंगी ठिणग्या दिसतात, त्या धुळीतल्या मिठाच्या अंशामुळे, त्यानं घाबरायचं कारण नाही. सतत पिवळी राहिली तरच बघायचं.)

सकाळी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून बर्नर काढला अन् टॉर्च मारून पाहिलं. हवेच्या छिद्रांत कापसाचा भुरा गच्च बसलेला, वेचणीच्या दिवसांत शेगडी गाठोड्यांजवळच पडून होती ना. अन् नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, वाळून दगड झालेलं. ही माशी भोक दिसलं की माती भरते, पावसाळाभर शेगडी कोपऱ्यात पडून राहिली की तिला आयतीच जागा. कोळी पण नळीत जाळं विणतात. जुन्या टूथब्रशनं भुरा काढला, माती काडीनं कोरली, नळी फुंकून साफ केली.

निपलला मात्र सुई लावू नका, हे मी कळकळीनं सांगतो. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची सवय आपल्या घरोघरी होती, तोच हात गॅसवर पण चालतो. निपल पितळेचं, पितळ मऊ, भोक जरासं जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, अन् शेगडी कायमची पिवळी होऊन बसते. निपल काढून साबणाच्या कोमट पाण्यात ठेवायचं, उलट्या बाजूनं फुंकायचं, नाही जमलं तर नवीन घ्यायचं.

ज्योत निळीच आहे पण बारीक, मरगळलेली, तर गोष्ट वेगळी. तिथं गॅसचा जोर कमी, निपलमधे कचरा असेल किंवा सिलिंडर गारठला असेल. आपल्या सिलिंडरात प्रोपेन अन् ब्यूटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतं, ब्यूटेन उणे 0.5 ला, म्हणून पारा 8-10 वर आला की ब्यूटेनचा दाब फार पडतो. त्यात द्रवाचा वायू होताना उष्णता सिलिंडरातूनच घेतली जाते, म्हणून तो अजून गार होतो, बाहेरून दव धरतो. प्रोपेन आधी निघून जातं, त्यामुळे शेवटी शेवटी जास्त त्रास. अशा वेळी लोक सिलिंडर आडवा करतात नाहीतर त्याला शेकोटीजवळ ठेवतात. आडवा केला तर द्रव गॅस बर्नरमधे येऊन भडका उडतो, अन् शेकोटीजवळ ठेवला तर आतला दाब किती वाढेल याचा नेम नाही. त्यापेक्षा घमेल्यात विहिरीचं ताजं पाणी घेऊन त्यात सिलिंडर सरळ उभा ठेवा. हिवाळ्यात विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, तेवढ्यानं ज्योत सुधारते.

सगळं परत जोडलं की पेटवायच्या आधी जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, खड्ड्यात अन् खोलगट जमिनीवर साचून राहतो, म्हणून वास आला तर काडी ओढायची नाही, व्हॉल्व्ह बंद करून लांब व्हायचं अन् गॅस गळतीच्या 1906 या हेल्पलाइनला फोन लावायचा.

त्या रात्री चहाला पुन्हा गंज ठेवला, ज्योत निळी, आखूड, बुडाशी लागलेली. आता हंगाम संपला की बर्नर काढून पोरांच्या जुन्या पायमोज्यात घालून तोंड बांधून ठेवतो, कुंभारमाशीला आत जायला जागाच राहत नाही.