आवडते नाणे (नाणेसंग्रहातील)

आवडते नाणे : संग्राहकाने आपल्या संग्रहातून वेगळे काढून जपलेले, भाव विचारला की ‘ते द्यायचे नाही’ असे उत्तर मिळणारे नाणे. नाणकशास्त्र नाण्याचा धातू, वजन, टांकसाळ आणि काळ तपासते. बाजार दुर्मिळता आणि अवस्था पाहून भाव ठरवतो. आवडीचा हिशेब निराळा असतो. मुंबईतल्या जुन्या संग्राहकांना त्यांचे लाडके नाणे दाखवायला सांगितले, तर बहुतेकदा सर्वांत महागडे नाणे बाहेर येत नाही. ज्या नाण्यावरची खूण त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी उमगली, ते बाहेर येते.

सुरुवात बहुधा घरातच होते. देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया, आजीच्या बटव्यातली पावली, शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर पडलेला भोकाचा पैसा. महायुद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून १९४३ पासून हा मधोमध भोक असलेला पैसा पाडला गेला. लहान मुलांच्या करदोट्यात तो सहज ओवला जाई. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली तेव्हा संपला. भाषेत मात्र तो टिकला आहे. ‘सोळा आणे खरे’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातात प्रत्यक्ष आणा पडतो, तेव्हा ऐकलेल्या शब्दाला एकदम वजन येते. ‘रुपयाभार’ हा शब्दही असाच. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. त्यामुळे तो तराजूत वजन म्हणूनही चाले.

मुंबईकर संग्राहकाला आपल्या शहराचे नाव असलेल्या नाण्याची ओढ असते, आणि त्यात नवल नाही. १६६८ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. त्यानंतर गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात येथे टांकसाळ सुरू झाली. सोन्याची कॅरोलिना, चांदीची अँग्लिना, तांब्याचा कॉपरून आणि कथलाची टिनी ही तिची पहिली नाणी. १६७८ च्या रुपयावर इंग्रजी अक्षरांत शहराचे नाव ‘बॉम्बेम’ असे येते. त्यात पोर्तुगीज उच्चाराचा ठसा स्पष्ट आहे. पुढे १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाकडून कंपनीला मोगली धाटणीचे रुपये पाडायची परवानगी मिळाली. त्या रुपयांवर टांकसाळीचे नाव फार्सी लिपीत ‘मुंबई’ असे वाचता येते. फार्सी न येणारे कित्येक जण केवळ या एका शब्दासाठी ती वळणे शिकतात. आधी रेघोट्यांचे जाळे दिसत असते, मग एके दिवशी त्यातून आपल्या शहराचे नाव वर येते. त्या दिवसानंतर ते नाणे विकणे अवघड होते.

फोर्टमधली आजची टांकसाळ १८२९ पासूनची. टाउन हॉलच्या शेजारची ही इमारत बंबई अभियंता दलातील मेजर जॉन हॉकिन्स यांनी बांधली. तिथल्या कामाच्या खुणा वाचणे हा येथल्या संग्राहकांचा खास प्रांत आहे. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेच साल कायम ठेवून रुपये १८७४ पर्यंत पाडले जात राहिले. मग नाणे खरोखर कोणत्या वर्षीचे, हे ओळखायचे कसे? मुंबईच्या टांकसाळीने सालाजवळ बारीक ठिपके दिले आणि त्यांची संख्या व जागा बदलत नेली. नुसत्या डोळ्यांना सारखे दिसणारे दहा रुपये भिंगाखाली दहा निरनिराळे निघू शकतात. हा संच पुरा करायला वर्षे लागतात. झिजेत पहिल्यांदा हे ठिपकेच जातात, त्यामुळे ठसठशीत ठिपक्यांचा एखादा रुपया मिळवण्यासाठी संग्राहक मूठभर साधे रुपये आनंदाने देतो. संपत्तीच्या दृष्टीने या व्यवहाराला अर्थ नाही. वाचनाच्या दृष्टीने आहे.

स्वातंत्र्योत्तर नाण्यांतही ही गंमत आहे, आणि ती कमी खर्चाची आहे. सालाखाली शंकरपाळीच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे. खूण नसेल तर कोलकात्याचे. शाळकरी मुलाला एवढे सांगितले की तो वाण्याने दिलेली मोड उलटसुलट करून पाहू लागतो. या छंदाची इतकी स्वस्त आणि इतकी खरी दीक्षा दुसरी नसावी. १९६८ च्या सुमाराचे कमळाचे पिवळे वीस पैसे, १९६९ चे गांधीजींचे वीस पैसे, १९६४ चा नेहरूंचा स्मारक रुपया ही नाणी अनेकांच्या आवडत्या यादीत असतात. ती दुर्मिळ नाहीत. ती देऊन गोळ्या विकत घेतल्याची आठवण मात्र ताजी आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा अशा आठवणींना अचानक जुनेपण आले.

मराठी घरात ‘गिनी’ म्हणून ठेवलेल्या सोन्याच्या नाण्यांतही मुंबईचा वाटा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा येथे चालली आणि सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडली गेली. नाण्यावरच्या घोडेस्वाराच्या पायाखालच्या जमिनीवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर, एवढीच त्यांची ओळख. सराफ सोन्याचे वजन पाहतो, संग्राहक ते अक्षर.

शिवराईबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मराठी संग्राहकाच्या मनात तिची जागा वेगळी आहे. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. फार्सी मजकुराची नाणी सर्वत्र चालत असताना देवनागरीत कोरलेले हे नाव हातावर ठेवले की अंगावर काटा येतो, हे अनेकांकडून ऐकायला मिळते आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ, पेशवाईतदेखील, निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या आहेत. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्यांतलीच. कारागीर निरनिराळे असल्याने अक्षरे बदलतात : कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटीच वेगळी, कुठे ठसा सरकल्यामुळे अर्धे नाव नाण्याबाहेर. इतरांना हा दोष वाटेल. संग्राहकाला त्यात हातोडा मारणारा माणूस दिसतो. शंभर शिवराया सांभाळणारा त्यांतल्या प्रत्येकीचे ‘शि’ वेगळे ओळखतो, आणि पूर्ण मजकुराची देखणी शिवराई बाजूला ठेवून वाकड्या वेलांटीची शिवराई आधी दाखवतो.

काही नाणी गोष्टीमुळे प्रिय होतात. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरील मानचिन्हातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, लोकांत कुजबुज झाली आणि १९१२ मध्ये चित्र सुधारावे लागले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. जेत्याच्या खुणेखालून हरलेल्या राजाचा चेहरा डोकावतो, असे इतिहासाचे पान बोटांच्या चिमटीत धरता येते.

नवख्यांच्या हातून होणारे नुकसान बहुधा प्रेमापोटीच होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये चिंचेने घासून लख्ख करायची घरोघरी पद्धत आहे. पूजेसाठी ते योग्यच, पण संग्रहातल्या नाण्यावर शतकभरात चढलेली सावळी झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. माळेसाठी डाग देऊन कडी लावलेल्या नाण्यांचेही तसेच. अशा नाण्याला बाजारभाव थोडा. आवडीत मात्र ते पहिले असू शकते, कारण ती कडी पणजीच्या गळ्यातली असते.

ओढ आहे तेथे फसवणूकही आहे. राम-सीता-हनुमान आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी जोडी असलेले तुकडे चलनी नाणी नव्हेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ असल्याने १९३८ मधला शेवटचा आकडा कोरून बदलला जातो. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात घेताना भिंग आणि छोटा वजनकाटा खिशात असावा. १९४० पूर्वीचा चांदीचा रुपया वजनात आणि खणखणाटात सहसा फसवत नाही.

पाहून शिकायचे असेल तर फोर्टमध्येच रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही जवळच आहे. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात अकबराची सोन्याची मोहोर आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत सापडलेले धन सरकारला कळवण्याचे बंधन १८७८ पासून आहे.

जाणते संग्राहक प्रत्येक नाणे कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवतात. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, जागा, दिलेली किंमत आणि ओळखलेली खूण लिहितात. वारसांना नाणी ओळखता आली नाहीत, तर संग्रह तराजूवर चढतो आणि पाकिटे आधी फेकली जातात. ज्या पाकिटावर किंमत लिहिलेली नसते, केवळ ‘बाबांनी दिलेले’ असे काही असते, ते आवडते नाणे असण्याची शक्यता सर्वांत अधिक.